मयताचं पाणी

चांगुणानं रिकामी घागर श्रीपतीच्या दारातल्या लाकडी मेढीला टेकवली आणि मेढीलाच सांगितलं, "भावजींना म्हणावं, मला घागरभर पाणी पायजे. आंघोळीला."

श्रीपती तिचा थोरला दीर. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. सांगायचंच झालं तर मेढीला, भिंतीला, नाहीतर दारातल्या कोंबडीला सांगायचं आणि दिरानं ते ऐकायचं, असा वस्तीचा रिवाज होता. लग्न होऊन आल्यापासून चांगुणा या मेढीशी इतकं बोलली होती, की मेढीला तोंड असतं तर तिनं घरातली निम्मी भांडणं परस्पर मिटवली असती.

श्रीपती आरशाचा तुकडा गुडघ्यांत धरून दाढी करत होता. त्यानंही वस्तरा थांबवून मेढीकडंच पाहिलं.

"तिला म्हणावं, पाण्याचा ठराव वस्तीनं मिळून केलाय. घरटी एक घागर. सबंध आंघोळ फकस्त बाळंतिणीला आन मयताला. ती बाळंतीण हाय का मयत?"

"मेढे, भावजींना सांग, उद्या धाराशिवला डॉक्टरीणबाईकडं जायचंय. अंग धुतल्याबिगर म्या जाणार न्हाय."

श्रीपतीनं उरलेला गाल तसाच ठेवला. हे प्रकरण एका गालात मिटणारं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

बहात्तरचा पाऊस पडलाच नव्हता आणि त्यानंतरचा हा उन्हाळा होता. ओढे आटले, विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि येडशीच्या पलीकडच्या या गावातली सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर माती वाहू लागली. गावविहिरीला थोडं पाणी होतं. पण तिथं वस्तीच्या बायांनी घागरी लांब मांडून बसायचं आणि वरच्या कुणाला दया आली तर त्यानं उंचावरून धार सोडायची. सतरा वर्षांमागं ज्यांनी जुने देव ओढ्यात सोडले, त्यांनी या उन्हाळ्यात त्या धारेचा नादही सोडला. ओढ्याच्या वाळूत स्वतःचा झिरा खणला. वाटीवाटीनं पाणी उपसायचं, घागर भरायला पहाट उजाडायची. पण वाटी आपली आणि झिराही आपला.

या झिऱ्याचा कारभार श्रीपतीकडं होता. गावातल्या सोसायटीत वस्तीचा एक पंच घ्यावा लागतो म्हणून त्याला घेतलेलं होतं. तिथं त्याला दारालगत बसवत, चहा वेगळ्या कपात देत, आणि तू बोल असं कुणी कधी म्हणत नसे. पण तिथले शब्द मात्र तो गोळा करून घरी आणायचा. ठराव, सभासद, सर्वानुमते. सोसायटीत तोंड उघडायला मिळत नाही त्याची भरपाई तो वस्तीत करून घेई. सोयरीक असो, पोलीस पाटील असो, दवाखाना असो, बोलायला श्रीपती. त्याच्या दारात वस्तीचा मोठा रांजण होता. रोज सकाळी झिऱ्यावरून येताना प्रत्येक घरानं त्यात एक तांब्या ओतायचा आणि ते पाणी बाळंतिणीला आणि मयताला राखून ठेवायचं, ही अक्कल त्याचीच. रांजणावर फळी आणि फळीवर धोंडा. अक्कल चांगली होती, उगीच नावं ठेवण्यात अर्थ नाही. वस्तीतलं एकही मयत त्या उन्हाळ्यात कोरडं गेलं नाही.

पण चांगुणाचं दुखणं ना बाळंतिणीत बसत होतं ना मयतात.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर पाचवीही झाली नव्हती, तेव्हा ती ज्वारीच्या पेंढ्या वाहायला गेली होती. तेव्हापासून तिचं अंग बाहेर येत असे. जड काही उचललं, की आतलं खाली उतरायचं. मग कुठंतरी आडोशाला बसायचं, आत सारायचं, लुगड्याच्या धडप्यानं घट्ट बांधायचं आणि पुन्हा उठायचं. तलावाच्या कामावर दिवसभर मातीच्या पाट्या डोक्यावर असत, आणि पहाटे घागर. परवा भरावावर चढता चढता ती मटकन खाली बसली, पाटी घरंगळली, आणि मुकादमानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय झालं गं?" काय सांगणार? चक्कर आली, म्हणाली.

पुरुषांपुढं ते बोलायचं नसतं. आणि डॉक्टर पुरुष, नेणारा पुरुष, बोलणारा पुरुष. म्हणून वस्तीतल्या झाडून सगळ्या बायांच्या सगळ्या दुखण्यांचं एकच नाव होतं, पोटात दुखतंय.

गेल्या वर्षी श्रीपती तिला बाजाराच्या गावातल्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला होता. खडी फोडायच्या कामावरून ती परस्परच गेली, केसांत खडीची भुकटी, घामानं चोळी अंगाला चिकटलेली. डॉक्टरनं तिला पायरीवर बसवलं. "काय होतंय?" असं त्यानं श्रीपतीला विचारलं. "आमच्या भावजयीच्या पोटात दुखतंय," श्रीपतीनं सांगितलं. डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला, गुलाबी औषधाची बाटली दिली आणि जाता जाता म्हणाला, "आधी आंघोळ घालून आणत जा हिला."

तेही तिला नाही, श्रीपतीला. बैलाचं सांगावं तसं. आणि श्रीपती म्हणाला, "जी."

तिला त्या डॉक्टरपेक्षा त्या 'जी'चा राग जास्त आला होता. गुलाबी औषध तिनं घरी येऊन उकिरड्यावर ओतलं. पुन्हा डॉक्टरची पायरी चढेन तर न्हाऊन धुऊन चढेन, आणि पायरीवर बसणार नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. आता धाराशिवला एक डॉक्टरीणबाई आल्याचं शेजारच्या पुतळाबाईकडून कळलं होतं. पुतळाबाईची लेक तिथंच बाळंत झाली. बाई स्वतः हात धुऊन तपासते, आणि बाईलाच विचारते, म्हणे.

एव्हाना झिऱ्यावरच्या बाया परतल्या होत्या. कडेवर घागर, हातात तांब्या. रांजणापाशी एकेक जण थांबत गेली आणि ओतायचं विसरून ऐकत राहिली.

श्रीपतीनं आवाज चढवला. ऐकायला सभा जमली की त्याचा आवाज आपोआप चढत असे.

"असं काय मोठं दुखणं लागलंय? पोटात दुखतंय, तेवढंच ना? मी हाय की संगं. मी सांगतो डॉक्टरीणबाईला. पोट दुखायला आंघोळ कशाला लागती?"

पुतळाबाईनं तांब्यात बोट फिरवलं. एकीनं पदर तोंडात धरला. तिथं उभ्या असलेल्यांपैकी प्रत्येकीला चांगुणाचं दुखणं ठाऊक होतं, आणि ते ऐकून ठाऊक नव्हतं.

"मेढे," चांगुणा म्हणाली. "भावजींना इचार, म्या आज मेले तर या रांजणातली घागर मला मिळंल का न्हाय?"

"सकाळच्या पारी असं अभद्र..."

"मिळंल का न्हाय?"

"मिळंल. ठरावच हाय तसा."

"मंग ती आत्ताच द्या. माज्या मयताचं पाणी मला जितेपणी पायजे. मेल्यावर तशीच उचला, धुळीची. मेलेल्या बाईला कोण हुंगून बगतंय?"

श्रीपतीच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. अर्ध्या गालावर साबण वाळून पांढरा पडला होता.

"असं ठरावात न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय म्हणून तरी कुटं हाय?" जाईबाई पुढं आली. ही श्रीपतीची चुलती, वस्तीतली सगळ्यांत थोरली बाई, पाठीत वाकलेली. तिला मेढीबिढीची गरज नव्हती. "श्रीपा, ठराव तोंडानंच केला ना आपुन? मंग तोंडानंच फिरवू. ज्याच्या त्याच्या मयताचं पाणी ज्यानं त्यानं हवं तवा घ्यावं. काय गं पोरींनो?"

पोरींनो म्हणजे चाळिशीच्या बाया. त्यांनी माना हलवल्या.

"आन उद्या खरंच कुणी मेलं तर?" श्रीपती म्हणाला. हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. उन्हाळा अजून बराच बाकी होता आणि वस्तीत म्हातारी माणसं होती, त्यांत जाईबाई पहिली.

"त्याला सांगू, दम धर," जाईबाई म्हणाली. "मेलेलं माणूस लई समजूतदार असतंय बाबा. जितीचं काय करायचं ते बोल."

पुतळाबाईला हसू आवरेना. तिनं हातातला तांब्या रांजणात ओतला, मग कडेवरच्या घागरीतून पुन्हा भरून घेतला आणि दुसराही ओतला. मागच्या दोघींनीही तसंच केलं. श्रीपतीनं ते पाहिलं, आरसा उचलला आणि दाढी करायला घरात निघून गेला. सोसायटीत असं झालं की अध्यक्ष चहा मागवतात. इथं चहाला पाणी नव्हतं.

संध्याकाळी कामावरून आल्यावर चांगुणाच्या घरामागं तिघी बसल्या. चांगुणा, जाईबाई आणि पुतळाबाई. डॉक्टरीणबाईपुढं सांगायचं कसं, याची तालीम चालली होती.

"'कूस उतरली' म्हण," जाईबाई म्हणाली.

"शिकलेल्या बाईला कूस कळंल का?" पुतळाबाई म्हणाली. "'अंग भाईर यायलंय' म्हण. माजी लेक तसंच म्हणाली व्हती दुसऱ्या एकीचं."

"तसं म्हणून तर बग," जाईबाई म्हणाली.

चांगुणानं तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं. या दोघींपुढंसुद्धा नाही. डोळ्यांनी, हातानं, 'तसलंच' म्हणून भागत आलं होतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि भिंतीला म्हणाली, "बाई, माजं अंग..." आणि तिथंच थांबली. तिला स्वतःचाच संताप आला. वस्तीसमोर स्वतःचं मयत मागताना जीभ अडली नाही, आणि इथं अडते?

"भित्तीला नगं सांगू," जाईबाई म्हणाली. "आयुष्यभर भित्तीलाच सांगत आलाव आपुन. माज्याकडं बगून सांग."

चांगुणानं तिच्याकडं पाहून सांगितलं. पहिल्यांदा पुटपुटत, मग नीट. जाईबाईनं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "माजंबी तसंच हाय म्हणावं. पहिल्या बाळंतपणापासनं."

पुतळाबाई उठून शेळीला पाला टाकून आली.

कोंडिबा, म्हणजे चांगुणाचा नवरा, हे सगळं चालू असताना दारापुढं तुराट्या मोडत बसला होता. उद्या पहाटे पाणी तापवायला. कोंडिबा शब्दाला महाग माणूस. थोरला भाऊ सगळ्यांच्या वाटणीचं बोलत असल्यामुळं याच्या वाटणीला शब्दच उरले नसावेत. पण त्याला बायकोचं दुखणं माहीत होतं. पहाटे ती झिऱ्यावरून घागर घेऊन आली, की तो वळणावर अंधारात उभा असायचा. घागर तिच्या डोक्यावरून आपल्याकडं घ्यायचा आणि दारापर्यंत आणायचा. मात्र कुणाची चाहूल लागली, की तीच घागर घाईघाईनं परत तिच्या डोक्यावर ठेवायचा. पाणी वाहणं बाईचं काम. गड्याच्या डोक्यावर घागर दिसली तर वस्ती त्याला लुगडं नेसवायला कमी करणार नाही. चांगुणाला त्याची दया यायची आणि रागही यायचा. घागर काढून घेतानाही तिला दुखायचं आणि परत ठेवतानाही.

"मी येऊ का उद्या?" त्यानं तुराटी मोडता मोडता विचारलं.

"तुमी येऊन काय करणार? बोलणार तर न्हाईत."

"न्हाय," कोंडिबा म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पहाटे रांजणावरचा धोंडा जाईबाईनं स्वतः उतरवला. चांगुणाच्या घरामागं दोन बाजांना लुगडं बांधून आडोसा केला. कोंडिबानं पाणी तापवून दिलं आणि तो ओढ्याकडं तोंड करून लांब जाऊन बसला. न्हाणीच्या दगडाखाली परात लावली होती, थेंबही वाया जायला नको म्हणून.

पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि चांगुणाच्या अंगावर शहारा आला. केसांतून पिवळी माती वाहायला लागली. जाईबाईनं रिठ्यांचा फेस चोळला, पाठ घासली, मानेवरचे मळाचे थर काढले, कोपरं, टाचा, सगळं. मयताला घालतात तशीच नीट, कुठं काही राहू नये अशी आंघोळ. फरक इतकाच, की हे मयत मधूनच "हळू की गं आत्याबाई" म्हणून ओरडत होतं. परातीतलं पाणी पुतळाबाईच्या शेळीनं पाहून ठेवलं होतं. चांगुणा उठायच्या आत तिनं तोंड घातलं आणि फेस लागलेल्या थोबाडानं शिंकत पळाली.

मग चांगुणानं ट्रंकेतलं पांढरं पातळ काढलं, निळ्या काठाचं. ते फक्त जयंतीला बाहेर निघायचं, आणि जयंती होऊन महिना उलटला होता.

एस.टी.च्या फाट्यावर श्रीपती जाकीट घालून आधीच उभा होता. त्यानं बाभळीकडं बघून म्हटलं, "दवाखान्यात कुणी जयंतीचं पातळ नेसून जातं का?"

"बाभळीबाई, त्यांना सांग, मला तर आजच मोठी जयंती वाटायलीय," चांगुणा म्हणाली.

धाराशिवचा तो दवाखाना एका गल्लीत होता. बाकड्यावर बाया, बायांजवळ त्यांचे बोलणारे. सासरे, दीर, भाऊ. चांगुणा पायरीवर बसली नाही. बाकड्यावर एक जागा होती, तिथं ताठ बसली. न्हालेले केस पाठीवर मोकळे सोडले होते आणि त्यांना रिठ्यांचा वास येत होता. श्रीपती तिच्याकडं न बघता घसा साफ करत होता. त्यानंही आपली तालीम केली असणार.

आतून तिचं नाव पुकारलं. श्रीपती उठला, जाकीट खाली ओढलं आणि पुढं झाला.

चांगुणानं इकडंतिकडं पाहिलं. भिंत होती, पण ती लांब होती. मेढ नव्हती. कोंबडी तर नव्हतीच. तेव्हा ती वळली आणि थोरल्या दिराच्या तोंडाकडं सरळ बघून म्हणाली, "भावजी, तुमी हितंच बसा. दुखणं माजं हाय. तोंडबी माजंच."

बाकड्यावरचे सगळे बोलणारे एकदम गप्प झाले. इतक्या वर्षांत भावजयीचे डोळे श्रीपतीनं पाहिलेच नव्हते. ते असे असतील असं त्याला वाटलं नसावं. तो मागं सरकला आणि बसला. चांगुणानं आत जाऊन दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुणच होती, डोळ्यांना चष्मा, हाताच्या बाह्या वर सारलेल्या. तिनं मान वर न करताच विचारलं, "काय होतंय?"

"बाई," चांगुणा म्हणाली. जाईबाईचं वाकलेलं डोकं तिच्या डोळ्यांपुढं आलं. "माजं अंग भाईर यायलंय. धाकट्याच्या येळपासनं."

बस्स. इतकंच होतं. छत कोसळलं नाही. डॉक्टरीणबाईनं मान वर केली आणि म्हणाली, "चला, झोपा बघू इथं."

तिनं तपासलं. हात लावताना नाक मुरडलं नाही, रुमाल काढला नाही. पण वासही घेतला नाही. केस पाहिले नाहीत, पांढऱ्या पातळाकडं लक्ष दिलं नाही. चांगुणाला आत कुठंतरी थोडा राग आला. अख्ख्या वस्तीचं पाणी अंगावर घेऊन आलेय, आणि हिच्या ध्यानातही येत नाही?

"बाई, म्या आंघोळ करून आलेय," तिनं छताकडं बघत सांगितलं.

"बरं केलंत. पण पाण्याचे हे दिवस. नसती केली तरी मी बघितलं असतं."

"तुमी बगितलं असतं," चांगुणा म्हणाली. "म्या दावलं नसतं."

डॉक्टरीणबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं नुसतं "हं" केलं, पण तो 'हं' त्या 'जी'सारखा नव्हता.

तिनं एक रबरी कडी बसवली. बसवायच्या आधी चांगुणाला दाखवली. चांगुणाला ती बघून हसूच आलं, घागरीखाली घेतात ती चुंबळच होती, फक्त लहान. पुढं ऑपरेशन करावं लागेल, बाई म्हणाली, पण तोवर यानं आधार राहील. दर काही महिन्यांनी येऊन बदलून घ्यायची. आणि डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. पाटी नाही, घागर नाही.

"मंग पाणी कोण आणंल?"

"घरात पुरुष नाहीत का?"

"हायेत की. पण ते पाणी आणत न्हाईत, पितात."

आता डॉक्टरीणबाई हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "हसायची गोष्ट नाही. उचललंत तर पुन्हा हेच होईल. आणि तुमच्याकडं आणखी कुणाला असेल तर पाठवा. गुरुवारी मी दिवसभर असते."

"पाठवते," चांगुणा म्हणाली. "पर बोलायला कुणी गडी येणार न्हाय त्यांच्या संगं. चालंल का?"

"तेच चांगलं."

परतीच्या एस.टी.त गर्दी होती. श्रीपती पुढच्या बाकाची लोखंडी दांडी धरून उभा होता, येडशी मागं पडेपर्यंत गप्प. मग न राहवून त्यानं दांडीला विचारलं, "तिला इचारावं, काय म्हणाली डॉक्टरीणबाई?"

"भावजी, दांडीला काय कळतंय?" चांगुणा म्हणाली. "पोटातलंच व्हतं. पर तुमी सांगत व्हता ते न्हवं."

श्रीपती खिडकीबाहेर बघत राहिला. जाकिटाच्या आत माणूस जरा लहान झाल्यासारखा वाटत होता, आणि चांगुणाला त्याची कीवही आली. सोसायटीच्या दारालगत तो रोज असाच बसत असेल, हे तिच्या पहिल्यांदाच मनात आलं. पण कीव आली म्हणून बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं नाही.

वस्तीत पोचले तर रांजणापाशी बाया उगाच जमल्या होत्या. कुणी फळी पुसत होती, कुणी धोंडा सरळ करत होती. तोंडानं कुणी काही विचारलं नाही. चांगुणानं मान डोलावली आणि हातानं चुंबळीएवढं गोल करून दाखवलं. "गुरुवारी बाई दिवसभर असती," ती म्हणाली. पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला. जाईबाई धोंड्यावर टेकून बसली होती, ती श्रीपतीकडं वळली.

"श्रीपा, गुरुवारी माजं मयत हाय. पाणी काढून ठेव."

श्रीपतीनं सवयीनं मेढीकडं पाहिलं. मग म्हातारीकडं पाहिलं. "पहाटे काढू का आदल्या सांजंला?" त्यानं विचारलं, आणि तो घरात गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणा उठली तेव्हा घागर जागेवर नव्हती. कोंडिबाही नव्हता. चुंबळ तेवढी खुंटीला होती. ती दारात येऊन उभी राहिली.

उजाडलं होतं. झिऱ्याकडच्या वाटेनं बायांची रांग येत होती आणि त्या रांगेच्या मधोमध कोंडिबा होता. डोक्यावर चुंबळीच्या जागी पटक्याचं वेटोळं, त्यावर घागर. तोल राखायची सवय नाही, दोन्ही हातांनी धरलेली, पाणी हिंदकळून कानांमागं ओघळत होतं. बायांनी त्याला मधे घेतलं होतं की तो तिथं चुकून सापडला होता, कळत नव्हतं. कुणी हसत नव्हतं, म्हणजे हसू दाबून चालत होतं.

श्रीपती दारात दाढीला बसला होता. आरशातून त्यानं धाकट्या भावाला पाहिलं आणि मान वर केली. पलीकडच्या आळीतले दोन गडी कामावर निघाले होते, तेही थांबले.

कोंडिबाची पावलं दारापासून चार हातांवर अडखळली. त्यानं भावाकडं पाहिलं, त्या गड्यांकडं पाहिलं, आणि त्याचे हात घागर उचलायला वर गेले. नेहमीसारखेच. चांगुणा पुढं होती. नेहमीसारखी तिनं मान खाली करायची, डोकं पुढं द्यायचं, आणि त्यानं ठेवायची.

तिनं मान खाली केली नाही. त्या उजेडात ताठ उभी राहिली, केस अजून रिठ्यांच्या वासाचे, कपाळावरचा पदर मागं सरलेला, आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

कोंडिबाचे हात घागरीवरच थांबले. मग त्यानं ती दोन्ही हातांनी नीट बसवली, उंबऱ्यावरून पाय टाकला आणि वाकून आत गेला.